निःपक्षपाती परीक्षक

नाही, थांब. त्या दिवशी आधी कोण बोललं, हे मला आता खात्रीनं आठवत नाही. तूच बोललास असं मी इतकी वर्षं धरून चाललोय, पण एकतीस वर्षं झाली त्याला, आणि माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिलेला नाही. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे मी पाकिटातली रिकामी खाच बघून ठरवतो. मग म्हणतो, ही खाच कालची तर नसेल. अशी गत. पण तो दिवस — अगं, चहा ठेवू नकोस, ते बसायला नाही आलेले, निघालेत ते — तो दिवस मला आठवतो असं वाटतं. वाटतं म्हणतोय मी, लक्षात घे. आणि हा कागद घे परत. मी यावर सही करणार नाही.

का म्हणून काय विचारतोस, राजेंद्र? वाचलायस का तू हा, का नुसता आणून दिलास? मग मीच वाचतो. 'मधलाकोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांच्या वतीने शाळेच्या नूतन सभागृहास आदरणीय गुरुवर्यांचे नाव देण्याचा सोहळा.' बरं. खाली माझा परिचय. 'एम.ए. इंग्रजी, पुणे विद्यापीठ, प्रथम श्रेणी.' द्वितीय. द्वितीय श्रेणी होती, पहिली दोन मार्कांनी गेली, ते दुःख माझं आहे, तुम्ही परस्पर मिटवू नका. 'अठ्ठावीस वर्षे डोंगरातल्या मुलांना इंग्रजीचे दूध पाजले.' हे कुणी लिहिलं? हृतिकनं? तुझा मुलगा डोंबिवलीला इंग्रजी शाळेत शिकतो, आणि मराठीत हे असं लिहितो? असू दे. ते मी खोडलं असतं आणि गप्प बसलो असतो. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या ओळीबद्दल आहे. 'मंडळाच्या निवड स्पर्धेचे ते सलग अकरा वर्षे निःपक्षपाती परीक्षक होते.' हा शब्द. हा तू घातलायस. हृतिकला तो माहीत असायचं कारण नाही, तो तेव्हा जन्मला नव्हता. तो तूच घातलायस, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून, मोबाइल मांडीवर उलटा ठेवून, मला तो वाचायला लावतोयस.

महाडला छापखानावाला थांबलाय, ठाऊक आहे. पाच वाजेपर्यंत थांबेल म्हणालास. आत्ता साडेतीन वाजलेत. पोलादपूरपासून महाड काय, वीस मिनिटं तुझ्या गाडीला. बस. आता बसच.

स्पर्धा कसली होती, ते तरी आठवतं का? निबंधाची नव्हती, पाठांतराची नव्हती. प्रश्नशब्दांची होती. ती मी सुरू केली, कारण आपल्या मुलांना उत्तरं देता यायची, सगळी पाठ, पण एक साधा प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगितला की खाली बघायची. विचारायची सवयच नाही आपल्याकडे कुणाला. म्हणून मी ठरवलं, मंडळाला दहावीनंतर एकच मूल निवडायचंय ना, महाडच्या कॉलेजला पाठवायला, राहण्याजेवण्यासकट — तर यातूनच निवडा. वाक्यात गाळलेली जागा, तिथे शब्द घालायचा. हू की हूम. हाऊ मच की हाऊ मेनी. आणि सगळ्यांत वाईट जोडी, व्हॉट आणि विच. भावंडांसारखी दिसतात, एकाला हाक मारावी तर दुसरं ओ देतं. मी वर्गात टोपली घेऊन यायचो, आठवतं? तुझ्या आईनंच दिलेली, करवंदांची. टोपली टेबलावर ठेवायचो आणि म्हणायचो — समोर टोपली असेल, त्यातलंच एखादं उचलायचं असेल, तर विच. टोपलीच नसेल, सगळं रान मोकळं असेल, तर व्हॉट. ओरडून म्हणायचात तुम्ही सगळे. टोपली — विच. रान — व्हॉट. ती निशा मागच्या बाकावरून ओठ हलवायची नुसते, आवाज न काढता. मी तिला दोनदा रागावलो होतो त्यावरून. म्हटलं, मुकी आहेस का गं. काय बोललो बघ मी.

हो, निशा. त्याच निशाबद्दल बोलतोय मी. तिचं नाव मी काढल्यावर मोबाइल सरळ केलास, तो पुन्हा उलटा ठेव.

पूजेचा दिवस, मे महिना, चौऱ्याण्णव साल. हे साल नक्की, कारण त्याच वर्षी माझा हर्नियाचा त्रास सुरू झाला. सगळे मुंबईकर गावात आलेले, देवळाच्या मंडपात सतरंज्या, बाजूला लाउडस्पीकरवर आरत्यांची कॅसेट, ती कुणी बंद करीना. येसाजी, तुझे काका, मंडळाचे अध्यक्ष, मधोमध बसलेले, गुडघ्यावर टॉवेल. भात मोजायची देवळातली पायली होती, तिच्यात माझ्या चिठ्ठ्या. ही पद्धत त्यांचीच, चिठ्ठ्या पायलीतून काढायच्या, म्हणजे देवासमोर काढल्यासारखं होतं, मग कुणी कुणाला बोल लावत नाही. पाच मुलं होती, तीन आधीच गळली. राहिलात तू आणि निशा. दोघांचे नऊ-नऊ. आणि शेवटची चिठ्ठी. एकच चिठ्ठी दोघांना, ज्याचं बरोबर तो गेला महाडला, दोघांचं बरोबर आलं तर आणखी एक चिठ्ठी काढायची. हा नियम मीच वाचून दाखवला होता. तुला आत लांब बसवलं होतं, गाभाऱ्याच्या अंगाला, तिचं उत्तर ऐकू येऊ नये म्हणून. तरी तू ऐकलंस. ऐकलंस ना? मान हलवू नकोस, बोल.

चिठ्ठी अशी होती — डॅश बस गोज टू युअर व्हिलेज. तुमच्या गावाला कोणती बस जाते. सोपी. माझ्या मनात उत्तर विच. एसटीच्या स्टँडवर फलाटाला चार बस लागलेल्या असतात, त्यांतली कोणती — टोपली. आणि निशा म्हणाली, व्हॉट. शांतपणे म्हणाली, अडखळली नाही. मी म्हटलं, चूक. तर ती जागची हलली नाही, म्हणाली — हे मला शब्दन् शब्द आठवतं, बाकी काही आठवो न आठवो — म्हणाली, "सर, पण टोपली कुठं हाय? आमच्या वाडीला येकच येस्टी येते. ती बी कधी येते, कधी नाय."

हसले सगळे. अख्खा मंडप हसला, बायका पदर तोंडाला लावून, मुंबईकर मोकळेपणी. कुणाला हसले ते? तिला नाही. मला हसले. मास्तरला पोरीनं त्याच्याच टोपलीत गाठलं. तुमचं घर सडकेला, राजेंद्र, तुमच्या दारात भोरची थांबायची, महाडची थांबायची, तुम्हाला निवड होती. बौद्धवाडीला एक यायची, ओढ्याला पाणी नसेल तेव्हा. आणि म्हातारा गणू, देवळाचा गुरव, तो खांबाला टेकून होता, तो म्हणाला, "मास्तर, पोरीचं खरं हाय की." आणि मला कळलं की गणू बरोबर बोलतोय. नुसतं तेवढंच नाही — मला माहीत होतं, पुण्यात असताना मी ते जाड्या व्याकरणात वाचलेलं होतं, टीप होती खाली बारीक अक्षरात, की अशा ठिकाणी दोन्ही शब्द चालतात, इंग्रज लोक स्वतः दोन्ही वापरतात. मी ती टीप वर्गात कधी सांगितली नव्हती. गोंधळ होतो मुलांचा. गोंधळ माझाच झाला असता, खरं सांगायचं तर.

तेव्हा मला म्हणता आलं असतं — बरोबर, निशा, आता राजेंद्र. एवढंच. चार शब्द. मग तुझं विचही बरोबर, तू आणि ती पुन्हा बरोबरीत, पुन्हा पायलीत हात, काय व्हायचं ते झालं असतं. पण शंभर माणसं हसलेली होती. मी एम.ए. होतो तिथे, अख्ख्या पट्ट्यात एकटा, भाऊ पुण्यात प्राध्यापक आणि मी डोंगरात मास्तर, आणि माझ्याजवळ काय होतं? एवढंच होतं, की इंग्रजी मला येतं. तेही एका पोरीनं सगळ्यांसमोर — नाही, हे कारण नव्हे. कारण म्हणून सांगत नाही. सांगतोय नुसतं.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, की बाप सांगतोय तिला खालून.

इथेच माझं अडतं. कुणीतरी म्हणालं. तू म्हणालास? आतून, गाभाऱ्याच्या अंगानं? मला तुझा आवाज ऐकू आल्यासारखं वाटत होतं बरीच वर्षं. सोळा वर्षांचा फुटलेला आवाज. मी कितीदा मनात तुला धरलं त्यावरून. तू बँकेत लागलास, पेढे घेऊन आलास, तेव्हा तुझ्या हाताकडे बघत होतो मी, पेढा घेतला आणि खाल्ला नाही, विचार हिला. नंतर मला वाटायला लागलं, तू नाहीस, येसाजी. तुझे काका तसे होते, पुतण्या जावा महाडला असं त्यांना वाटणारच. पण येसाजी वारले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो होतो, तर ते आपण होऊन म्हणाले, "मास्तर, आमच्या राजाचं कल्याण केलंत. मी तर धरून चाललो होतो पोरगी जातेय म्हणून. तुमच्याच नजरेला पडलं ते बरं." तुमच्याच नजरेला. मी घरी आलो तो जेवलो नाही.

मीच म्हणालो. बस, झालं? हेच ऐकायचं होतं तुला? मीच म्हणालो. म्हणालो — उत्तर बरोबर की चूक हा प्रश्नच नाही, हे उत्तर तिचं नाही, तिचा बाप पायऱ्यांखालून सांगतोय, मी त्याचे ओठ हलताना पाहिले, बाहेरून सांगितलेलं उत्तर धरलं जाणार नाही, निशा बाद. किती सोयीचं बघ. मला चूक कबूल करायला नको, गणूला खोटं पाडायला नको. आणि ओठ हलत होते, राजेंद्र, ते खोटं नाही. सोमा, तिचा बाप, खाली उभा होता, सडकेच्या कडेला, नळाजवळ. त्यांची माणसं देवळात चढत नसत, त्यांनी देव सोडलेले, आणि चढली असती तर तुमच्या लोकांनी काय केलं असतं, हे तू मला आता सभागृहाच्या गोष्टी करताना सांगू नकोस. पोरगी शाळेची म्हणून वर आलेली. आणि बाप खालून तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. मी पाहिलं.

अठरा पावलं. पुढच्या आठवड्यात मी मोजली, दुपारी, देवळात कुणी नसताना. ती उभी होती तिथपासून नळापर्यंत अठरा पावलं, मध्ये सात पायऱ्या, आणि लाउडस्पीकर. तिथून कुणी कुजबुजलं तर कुणाला ऐकू येणार? आणि सोमाला इंग्रजी कुठून येणार, सुरुंग लावणारा माणूस, वरंधा घाटाच्या रस्त्याला, अंगठ्याचा धनी. मोजल्यावर मी काय केलं? काही नाही केलं. घरी येऊन पेपर तपासत बसलो.

अगं, नको म्हटलं होतं ना चहा. असू दे. ठेव इथं. घे, राजेंद्र, आता आणलाय तर. साखर नसते आमच्याकडे.

'जाऊ द्या सर, जुनं झालं'? कुणासाठी जुनं झालं? तुझ्यासाठी ते महाड झालं, मग मुंबई झाली, मग बँक, मग डोंबिवलीचा फ्लॅट, मग सेक्रेटरी. निशानं बारावी केली नाही. तिचं लग्न झालं पुढच्याच वर्षी, आणि आता ती बिरवाडीला आहे, एमआयडीसीत, पॅकिंगला, आठवडा दिवसपाळी आठवडा रात्रपाळी. हे मला कसं माहीत? आहे मला माहीत. तुझ्या या यादीत — ही मागची, माजी विद्यार्थी, मनोगत व्यक्त करणार ते — वैशाली आहे, साहिल आहे, सोनाली आहे, निशाचं नाव कुठे आहे? पत्ता मिळाला नाही? मुंबईत बसून तुला दुबईतल्या साहिलचा पत्ता मिळतो. बिरवाडी कुठे आलं ते तुला ठाऊक नाही. महाडच्या पलीकडे, सेक्रेटरीसाहेब. तुम्ही छापखान्यात जाल ना, तिथून रिक्षा मिळते.

आणि आता ऐक. तुला एक गोष्ट ठाऊक होती त्या दिवशी, आणि तू बोलला नाहीस. चहा खाली ठेव. सोमाला ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांनी. सुरुंग वेळेआधी उडाला होता घाटात, अठ्ठ्याऐंशी साली, दोन माणसं गेली आणि हा वाचला, पण कान गेले. ती चिठ्ठीतली बस त्याला ऐकू आली नाही, व्हॉट ऐकू आलं नाही, विच ऐकू आलं नाही, मंडप हसला तेही ऐकू आलं नाही. तो पोरीच्या ओठांकडे बघून ओठ हलवत होता. घरात त्यांचं तसंच चालायचं. ती आवाज न काढता बोलायची, तो तिच्यामागून तसंच तोंड करून बघायचा, शब्द नीट लागला का म्हणून. म्हणून ती वर्गात नुसते ओठ हलवायची. सवय. आणि हे तुमच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एका ओढ्याचं अंतर. तुझ्या घराच्या कुंपणाचे दगड त्यानंच फोडलेले, हातवाऱ्यांनी बोलायचा तुझा बाप त्याच्याशी. ठाऊक होतं ना? शंभर माणसं, राजेंद्र. गणूला ठाऊक, येसाजींना ठाऊक, बायकांत बसलेल्या आनंदीबाईंना ठाऊक, तुला ठाऊक. मी म्हणालो बाप सांगतोय, आणि शंभरातल्या एकानंही म्हटलं नाही, की मास्तर, अहो तो बहिरा आहे. गणूनंसुद्धा खांब सोडून खाली बघितलं. तुझी चिठ्ठी झाली, तू विच म्हणालास, नारळ फुटला, आणि लोक जेवायला बसले.

ती काय म्हणाली? तिनं काही म्हटलं नाही, तेच तर. रडली असती, ओरडली असती, 'माझ्या बापाला ऐकू येत नाय' म्हणाली असती, तर मी — काय केलं असतं कुणास ठाऊक. ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. म्हणजे मला बराच वेळ वाटला. रागानं नाही. माझ्या काहीतरी लक्षात येईल, आत्ता येईल, अशी वाट बघत असल्यासारखी. मग खाली उतरली, सोमाचा हात धरला, आणि त्याला काहीतरी सांगितलं तोंडानं, आणि तो मला — त्यानं हसून मला हात जोडले. तिनं त्याला काय सांगितलं असेल? पास झाले म्हणून? सरांनी शाबासकी दिली म्हणून? हा प्रश्न मला कुठल्याच शब्दात कधी विचारता आला नाही तिला. दोनदा गेलो मी बिरवाडीला. एकदा तिच्या कंपनीच्या गेटपर्यंत. पाळी सुटली, बायका बाहेर आल्या, ती त्यांच्यात होती, डबा हातात, केस पिकलेले. मी पानाच्या टपरीमागे उभा राहिलो. या वयात. सोमा गेला दोन वर्षांपूर्वी, तेही मला तिथेच कळलं, टपरीवर.

काय म्हणालास? मोठ्यानं बोल.

मला ठाऊक असणार? मला कसं ठाऊक असणार? मी बाहेरचा माणूस, तुमच्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारा, सकाळी शाळा, संध्याकाळी पेपर. सोमा माझ्या ओळखीचा नव्हता. दोनदा तर मी त्याला सडकेवर हाक मारली, निशाच्या अभ्यासाचं विचारायला, तर वळून बघितलं नाही त्यानं. मला वाटलं ताठा आहे. मनात धरलं मी ते, लपवत नाही. हाक मारली आणि माणूस वळला नाही, तर कुणालाही काय वाटेल? ठाऊक असतं तर मागून हाक मारली असती का मी? सांग ना. तुम्हा लोकांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही. मी हे सत्तावीस वर्षं स्वतःला सांगत आलो, रोज नाही, पण झोप लागत नसली की — ठाऊक त्यांना होतं, मला नव्हतं, मी चुकलो, ते खोटं वागले, फरक आहे दोन्हींत. आहे ना फरक? मोठा फरक आहे.

पेन आहे तुझ्याकडे? मग काढ. तुला परिचय पाहिजे ना. प्रथम श्रेणी खोड. दूध खोड. निःपक्षपाती खोड — नाही, तो शब्द राहू दे, त्याच्यापुढे निशाबद्दल मी सांगतो ते लिही. सही करतो मी मग. हे छापलंत तर माझं नाव द्या सभागृहाला, खुशाल द्या, दारावर देऊ नका, आत फळ्याच्या वर द्या, मुलांना वाचता येईल असं. नाही छापायचं तर मग उठ. मंडळाला विचारायला लागेल? आता विचारायचं सुचलं. बरोबर आहे, विचार. मंडळाला नीट विचार, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारतंय.

उठलास? मग जाता जाता ऐक, उभ्यानं ऐक, लिहू नको हवं तर. एकवीस सालच्या जुलैत महाडला पाणी भरलं, तेव्हा आपल्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातलं सगळं जुनं दप्तर चिखलात गेलं. आम्हा निवृत्त लोकांना बोलावलं होतं, वाचतंय का बघा म्हणून. पानं सुटी करायची, पंख्याखाली वाळवायची, वाचता येईल ते नव्या वहीत उतरवायचं. पंधरा दिवस जात होतो मी इथून एसटीनं. अकराव्या दिवशी माझ्या हातात आपल्या शाळेची वर्गशिक्षकाची वही आली, नववी, ब्याण्णव-त्र्याण्णव. वर्गशिक्षक मीच. पाणी कडांना लागलेलं, मधली शाई शाबूत. मी पुन्हा पुन्हा बघितलं, घरी आणलं, हिला दाखवलं, चष्मा बदलून बघितलं, जुन्या पत्रांतलं अक्षर शेजारी ठेवून ताडून बघितलं. दार ओढून घे जाताना, कुत्रं आत येतं. निशाच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलेलं आहे — 'वडिलांना ऐकू येत नाही, विद्यार्थिनीने स्वतः सांगितले. निरोप तिच्याकडेच द्यावा.' खाली सही आहे. अक्षर माझं आहे.